शेवटच्या ओळीनंतरची पाटी

स्वयंपाकघरातला तो एक दिवा राहू दे. बाकीचे घालवा. आणि ए शहाण्या, मोबाइल पालथा घाल आधी, खालून उजेड पडून तूच भूत दिसतोयस. तुमची काकू आत झोपली आहे, तेव्हा मी हळू बोलणार. ऐकू आलं नाही तर पुढे सरका, पण मधेमधे 'काय? काय?' करायचं नाही. तिला ही गोष्ट आवडत नाही, कारण ती तिच्या धाकट्या बहिणीच्या घरात घडली आहे.

म्हणजे माझ्या साडूच्या घरात. ओळखता तुम्ही त्याला. कुठेही बोलावलं की कोपऱ्यात बसतो, कानात कापसाची बोंडं घालतो आणि विचारलं तेवढंच बोलतो. पूर्वी असा नव्हता. पूर्वी त्याला गप्प करायला माणूस लागायचा. हे सगळं त्यानं मला एकदाच सांगितलं, गॅलरीत, दार ओढून घेऊन. बायकोला अजून सगळं सांगितलेलं नाही. तुम्हीही शहाणपणा करून विचारायला जाऊ नका.

त्याचा धंदा काय, तर गाण्याला अक्षरं लावायची. गाणं वाजतं आणि पडद्यावर एकेक ओळ येते ना, ते. आमच्या सासूबाईंना बरीच वर्षं वाटत होतं की जावई बातम्यांच्या पट्ट्या लिहितो. काम सोपं आहे, पण डोकं उठवणारं. गाण्याच्या प्रत्येक ओळीचं एकेक चित्र करायचं. काळी पाटी, वर पांढरी अक्षरं. मग कानाला हेडफोन लावून गाणं ऐकायचं आणि ओळ सुरू झाली की बटण दाबायचं. टक्. पुढची ओळ, टक्. कॉम्प्युटर त्या वेळा लिहून ठेवतो. मग त्याला सांगायचं, बाबा रे, ही चित्रं, हा आवाज, कर एक. तो थोडा वेळ कुथतो आणि व्हिडिओ बाहेर काढतो. त्याला ते लोक रेंडर म्हणतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दोन ओळींच्या मधे एक कोरी पाटी टाकावी लागते. नुसती काळी, अक्षर एकही नाही. ती टाकली नाही तर आधीची ओळ पुढची येईपर्यंत तशीच लोंबकळत राहते. दिसायला वाईट दिसतं. पण कोऱ्या पाट्या टाकायच्या म्हणजे काम दुप्पट. घाई असली की हे लोक त्या गाळतात. कुणाला कळत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकतीच पडायला लागली होती. शनिवार होता. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, बाहेर चांगलं चांदणं होतं. त्या संध्याकाळी साडूला एका घरातून रेकॉर्डिंग आणायला जायचं होतं. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकट्या, वयस्कर, शिस्तीच्या. त्या मंगळवारी वारल्या. त्यांच्या आजवरच्या शिष्यांनी रविवारी सकाळी एका हॉलमध्ये जमायचं ठरवलं होतं. बाईंचं शेवटचं गाणं लावायचं, पडद्यावर अक्षरं दाखवायची आणि सगळ्यांनी बाईंबरोबर म्हणायचं. मला विचाराल तर छानच कल्पना होती.

दुसरा मजला. दार बाईंच्या भावानं उघडलं. निवृत्त गृहस्थ, गळ्यात मफलर, डोळे सुजलेले. ज्या खोलीत बाई शिकवायच्या तिथेच त्यानं साडूला बसवलं. सतरंज्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या. खिडकीकडे तोंड करून एक लाकडी खुर्ची. समोर स्टूल, स्टुलावर बाईंचा फोन.

"लहान मुलांसाठी नवं गाणं बसवलं होतं ताईनं," भाऊ म्हणाला. "मंगळवारी दुपारी फोन इथे ठेवला, आणि ह्या खुर्चीत बसून म्हटलं. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो, दार वाजवलं. उघडेना. माझ्याकडची किल्ली लावून आत आलो, तर ही खुर्चीतच... आणि फोन आपला चालूच."

साडूनं स्टुलावरचा फोन हातात घेतला.

"त्यातलं गाणं तेवढं घ्या," भाऊ म्हणाला. "ते सुरुवातीला आहे. त्याच्या पुढचं मी ऐकलेलं नाही. धीर होत नाही."

साडूनं रेकॉर्डिंग स्वतःकडे उतरवून घेतलं, फोन परत स्टुलावर ठेवला आणि निघाला. पाया पडायला हात गेला होता, पण कुणाच्या पडणार? खुर्चीच्या?

घरी आला तर मेहुणी निघायच्या तयारीत. ती नर्स आहे, तिला रात्रपाळी होती. त्यांची एकच मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. आम्ही तिला ठकू म्हणतो. पोर गोड, पण छातीनं नाजूक. जन्मापासून दम्याचा त्रास. थंडी पडली की रात्री-अपरात्री दम लागायचा, ओठ निळे पडायचे, आणि मग तो तोंडात मारायचा पंप. मेहुणीनं निघताना बजावलं, "पंप उशाशी ठेवलाय. हेडफोन घालून बसशील आणि तिकडे पोरीला दम लागलेला कळायचा नाही. एक कान मोकळा ठेव."

"हो गं बाई, दोन्ही मोकळे ठेवतो," साडू म्हणाला.

ठेवतोय कसला!

ठकूला जेवू घातलं, आतल्या खोलीत झोपवलं, दार अर्धवट लोटलं आणि हा बाहेरच्या खोलीत कामाला बसला. रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, तशी दिसली. सुरुवातीला तीनेक मिनिटं वरखाली, म्हणजे गाणं. आणि त्यापुढे पाऊण तासभर सरळ रेघ. काही नाही. भाऊ दूध घेऊन येऊन दार वाजवेपर्यंतची शांतता. साडूनं ती कापून टाकली. शेवटचा सूर संपतो, बरोब्बर तिथून कापली.

गाणं काय होतं, तर...

ऊन उतरले, निवली वाट,
भिंतीवर आला सावलीचा हात.

अशा आठ ओळी. शेवटच्या दोन म्हणजे,

पाऊल नको वाजवू गं,
हळूच माझ्यामागून ये.

हसू नकोस रे. लहान मुलांचंच गाणं होतं. पाठशिवणी खेळतात तसं. आणि बाईंचा आवाज, साडू म्हणतो, त्या वयातही असा की ऐकणाऱ्यानं पाठ ताठ करून बसावं. बरोबर वाद्यबिद्य काही नाही. नुसता आवाज आणि खोली.

त्यानं आठ पाट्या केल्या. कोऱ्या गाळल्या. सकाळी द्यायचं होतं, झोप येत होती, कोण एवढं बघतंय! हेडफोन घातला, दोन्ही कानांवर. टक्, टक् करत वेळा लावल्या. रेंडर केलं. चालवून पाहिलं.

तिसऱ्या ओळीला त्याचं बोट चुकलं होतं. बटण उशिरा दाबलं गेलं होतं, चांगलं दोन-तीन सेकंद उशिरा. म्हणजे काय व्हायला हवं? बाई गाऊन मोकळ्या आणि अक्षरं मागून, असं दिसायला हवं.

तसं दिसलं नाही. दुसरी ओळ संपली आणि बाई थांबल्या. ओळ पडद्यावर आली, तेव्हा त्यांनी म्हटली.

साडूला वाटलं, आपलाच अंदाज चुकला, बटण वेळेवरच लागलं असेल. नुसता आवाज ऐकून पाहिला. त्यात बाई कुठेच थांबत नव्हत्या. दुसरी ओळ, लगेच तिसरी. परत व्हिडिओ लावला. बाई थांबल्या.

आता हा पडला कारागीर माणूस. त्याला आधी भीती नाही वाटत, आधी राग येतो. फाइल खराब असेल म्हणून त्यानं आवाज नव्यानं घेतला. तेच. मग मुद्दाम पाचवी ओळ दहा सेकंद पुढे ढकलली. रेंडर केलं. लावलं.

चौथी ओळ संपली.

एक सेकंद. दोन. तीन...

त्या थांबण्यात त्याला ती खोली ऐकू येत होती. खुर्ची करकरली. कुणीतरी घसा साफ केला, अगदी हलकेच. वाट बघताना करतो तसा. आणि मग पाचवी ओळ आली आणि बाईंनी ती उचलली.

आपण गाण्याच्या मागून अक्षरं लावतो, साडू मला म्हणाला. इथे अक्षरांच्या मागून गाणं येत होतं. बाई पडद्यावर बघून म्हणत होत्या.

पावणेबारा वाजले होते. त्यानं उठून दाराची कडी पाहिली. लावलेली होती. आत डोकावला. ठकू कुशीवर झोपली होती, पंप उशाशी. आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर कॉम्प्युटर बंद करून पोरीशेजारी जाऊन झोपायचं ना? मीही तेच म्हटलं त्याला. तो म्हणाला, सकाळी माणसं जमणार होती, भावाला शब्द दिला होता. म्हटलं, वेळा बरोबर लावू, एकदा शेवटपर्यंत पाहू, संपलं. पाहायचं नाही असं ठरवून डोळे मिटले असते तरी चाललं असतं. पण ह्यानं पाहिलं.

वेळा नीट केल्या. रेंडर झालं. हेडफोन घातला.

पहिली ओळ. दुसरी. सगळं जिथल्या तिथे. सहावी. सातवी, पाऊल नको वाजवू गं. आठवी.

हळूच माझ्यामागून ये...

तो शेवटचा 'ये' बाईंनी लावला आणि धरला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो छोटा होता. इथे तो संपेना. साडूनं खाली पाहिलं. वेळेचा काटा शेवटाला जाऊन थांबला होता. व्हिडिओ संपला होता. पण पडद्यावर आठवी ओळ तशीच होती, कारण तिच्यानंतर काही ठेवलेलंच नव्हतं. आणि सूर चालू होता.

ये...

त्यानं हेडफोन काढला.

सूर थांबला नाही.

बारीक झाला फक्त. बारीक, कोवळा... आणि आतल्या खोलीतून यायला लागला.

काय म्हणालास? हो. हेडफोन होता. दोन्ही कानांवर होता. बाहेर एक थेंब आवाज जात नव्हता. पोरीला ते गाणं कुणीही ऐकवलेलं नव्हतं.

साडू आत धावला. ठकू पलंगावर बसली होती. पाठ ताठ. हात मांडीवर. डोळे उघडे, समोर भिंतीकडे. तोंड उघडं. आणि तोंडातून तोच सूर. तीच पट्टी. हलत नव्हता, कापत नव्हता. अरे, ज्या पोरीला जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं, ती एका दमात...

"ठकू! ए ठकू! बाळा, पुरे!"

तिला ऐकूच जात नव्हतं. खांदे धरून हलवली. पाठीवर थापटलं. पंप तोंडात धरून दाबला, पण औषध आत जाणार कसं? तिनं श्वास आत घ्यायला हवा ना. ती घेतच नव्हती. नुसता बाहेर. बाहेर. बाहेर. दिवा लावला तेव्हा दिसलं, ओठांची कड निळी व्हायला लागली होती.

तिला उचलून तो बाहेरच्या खोलीत आला. तिची मान वळली. आपोआप. पडद्याकडे.

हळूच माझ्यामागून ये.

त्यानं कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबायला गेला, तर पोरीचा सूर एकदम गुदमरला. कुणीतरी गळा आवळावा तसा. त्यानं बोट काढलं. सूर परत सरळ झाला. पडद्यावर चादर टाकली. काही फरक नाही. चादरीखाली ओळ होतीच ना.

माणूस अशा वेळी काय करतो? देवाचं नाव घेतो, शेजाऱ्यांना हाका मारतो, बायकोला फोन लावतो. ह्याचे हात तिकडे गेलेच नाहीत. त्याला एकदम काहीतरी दिसलं. बाई ओळीसाठी थांबत होत्या. ओळ आली की गात होत्या. मग ओळ हलली नाही तर...? त्यांनी थांबायचं कुठे? कोऱ्या पाट्या ह्यानं गाळल्या होत्या. नंतरची शांतताही कापली होती. श्वासाला जागाच ठेवली नव्हती. ना त्यांना, ना हिला.

पोरीला एका मांडीवर धरून तो खुर्चीत बसला. चादर ओढून फेकली. एका हातानं नवी पाटी उघडली. काळी. नुसती काळी. रोज पन्नास वेळा करतो ते काम, तरी पाटी चुकीच्या जागी पडली. काढली. परत टाकली. शेवटच्या ओळीनंतर. सगळं गाणं नको, शेवटची ओळ आणि ही पाटी, एवढंच. रेंडर.

आकडे सरकायला लागले.

आठ टक्के.

मांडीवर पोर थंड पडत चाललेली. सूर धाग्याएवढा झालेला... पण तुटत नव्हता.

एकवीस.

"सोड गं बाळा... सोड... श्वास घे, बाबा सांगतोय ना..."

चाळीस. तिथेच अडकलं. चाळीस. चाळीस...

तो रडत होता. मला सांगतानाही रडला. म्हणाला, "भावजी, पोरगी माझ्या हातात जात होती आणि मी आकडे बघत होतो."

सत्तर.

तिची बोटं त्याच्या शर्टात रुतली होती. ती सैल पडली.

शंभर.

त्यानं बटण दाबलं. ओळ आली. हळूच माझ्यामागून ये...

आणि गेली.

काळा पडदा.

...

सूर थांबला.

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून, इथून तिथवर ऐकू यावा असा, कुणीतरी श्वास आत घेतला. लांब, खोल. आणि त्याच क्षणी त्याच्या मांडीवर ठकूनं घेतला.

मग ती खोकली. रडली. "बाबा, पाणी," म्हणाली. पाणी प्यायली आणि त्याच्या खांद्यावर झोपून गेली. हा तसाच बसून राहिला उजाडेपर्यंत. पोरीच्या नाकापुढे बोट धरून.

मेहुणी सकाळी आली, तर बापलेक खुर्चीत. "रात्री त्रास झाला का?" तिनं विचारलं. "थोडा," हा म्हणाला. ठकूला काही आठवत नव्हतं. दूध पिऊन खेळायला लागली. साडूनं मग भरदिवसा, खिडक्या सगळ्या उघडून, प्रत्येक ओळीनंतर कोरी पाटी टाकली. एकही गाळली नाही. शेवटची तर चांगली लांबलचक ठेवली. व्हिडिओ पाठवून दिला आणि कानाला खडा लावला की ह्या घराशी आपला संबंध संपला.

आठ दिवसांनी भावाचा फोन आला. "जरा येऊन जाता का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

जायचं नव्हतं. पण गेला. तीच खोली. तीच खुर्ची. स्टूल, स्टुलावर फोन.

भाऊ आधी त्या रविवारबद्दल बोलला. पडदा कोरा होईपर्यंत कुणी सूर सोडला नाही म्हणे, डोक्यावरचे केस पांढरे झालेल्या माणसांनीसुद्धा. "ताईची शिस्तच तशी होती," तो म्हणाला. "शेवटचा सूर लावला की तिनं मान हलवल्याशिवाय सोडायचा नाही. कितीही दम लागो."



"काल मी धीर केला," भाऊ म्हणाला. "पुढचं ऐकलं. म्हणून बोलावलं तुम्हाला. मंगळवारी दुपारी शिकवणी नव्हती हो. घरात ती एकटी होती. मग..."

त्यानं फोन पुढे केला. हे मूळ रेकॉर्डिंग, बरं का. त्या दिवशीचं, बाईंच्या फोनमधलं. साडूनं त्यातून उतरवून घेतलं होतं, त्यात हात घातला नव्हता. आणि ते झालं तेव्हा बाईंचं नावसुद्धा साडूच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पोर तर चार दिवसांनी...

असो. भावानं लावलं. गाणं झालं. शेवटचा 'ये'. तो संपला. मग ती शांतता. साडूनं स्वतःच्या डोळ्यांनी सरळ रेघ पाहिली होती तिथे. खुर्ची करकरली एकदा. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. बाहेर लांबवर एक गाडी गेली.

आणि मग, फोनच्या अगदी जवळ, एका लहान मुलीचा आवाज. दाबून धरलेला. दम कोंडून बोलतात तसा.

"बाई... आता सोडू?"

उत्तर नाही. पुढे भावाची दारावर थाप पडेपर्यंत नुसती खोली.

साडूनं ते परत लावायला सांगितलं नाही. पहिल्यांदाच ओळखला त्यानं. आवाज ठकूचा होता.